नाइट रिपोर्टमध्ये 'लाय' लिहू का 'ले'? इन-चार्ज सिस्टर रोज लाल गोल करायल्यात

नाइट_ड्यूटी (लातूर)

नमस्कार. मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहे. गाव औसा तालुक्यातलं, बारावीपर्यंत सगळं मराठीतून. वॉर्डात रिपोर्ट मात्र इंग्रजीतून लिहावा लागतो आणि तिथं माझी गाडी अडायली.

टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, सलाइन किती गेलं, लघवी किती झाली हे सगळं जमतं. ते आकडे असतात. पण पेशंट कसा आहे हे एका ओळीत लिहायचं म्हटलं की पेन थांबतो. मराठीत झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पेशंट पलंगावर पडून आहे. इंग्रजीत पहिल्या आठवड्यात लिहिलं, 'पेशंट इज लेइंग ऑन बेड'. सकाळी ओव्हर (पुढच्या पाळीला चार्ज) देताना इन-चार्ज सिस्टरनी 'लेइंग'भोवती लाल गोल केला. काही बोलल्या नाहीत. मला वाटलं 'ले' चुकलं म्हणजे 'लाय' पाहिजे. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'पेशंट लाइड ऑन बेड ऑल नाइट'. परत गोल, आणि शेजारी मराठीत, 'रात्रभर खोटं बोलला का?' सगळ्या मुली हसल्या.

तिसऱ्यांदा जे लिहिलं ते मॅट्रनपर्यंत गेलं. ते आत्ता नाही सांगत, लाज वाटते.

यूट्यूबवर तीन व्हिडिओ बघितले. सगळे तक्ता दाखवतात, पाठ करा म्हणतात. पाठ होतो, पण पहाटे चारला डोळे मिटायला लागले की तक्ता गायब. कुणी असं सांगा की विसरणारच नाही.

तयारी_चालू (नांदेड)

ताई, सोपं आहे. माणसासाठी 'लाय', वस्तूसाठी 'ले'. आमच्या क्लासमध्ये असंच सांगितलंय. पेशंट माणूस, म्हणून 'लाय'. पेशंट इज लाइंग. सलाइनची बाटली वस्तू, म्हणून 'ले'. विषय संपला.

जुना मास्तर (सेलू)

वरच्या भाऊंचा नियम आधी खोडून टाक, लेकरा. टेबलावर पुस्तक पडलेलं असलं तर इंग्रजीत 'द बुक इज लाइंग ऑन द टेबल'. आईनं पाळण्यात बाळ निजवलं तर 'शी लेड द बेबी इन द क्रेडल'. पुस्तक वस्तू, बाळ माणूस. नियम दोन्हीकडं तोंडावर आपटला. तुझ्या वॉर्डात तर पेशंटला दोन्ही शब्द लागतात, म्हणून तुझी पंचाईत या क्लासवाल्यांच्या दुप्पट आहे.

मी 34 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवलं. परभणी जिल्हा, अर्ध्या शाळा पत्र्याच्या. तक्ता मीही पाठ करून घेतला आणि पोरं मीही नापास केली. निवृत्तीच्या जरा आधी कळलं की हा फरक आपल्या पोरांना आईच्या मांडीवरच येतो, आपणच तो इंग्रजीच्या तासाला काढून घेतो.

बाभळ पडली. बाभळ पाडली.

आता सांग, दोन्हींत फरक काय? पहिलीत वाऱ्यानं पडली का वाळवीनं, आपल्याला घेणं नाही. ती आपली पडली. दुसरीत कुणीतरी कुऱ्हाड घेऊन उभा आहे. वाक्यात त्याचं नाव नसलं तरी तो आहे. 'प'ला काना दिला आणि माणूस हजर झाला. म्हैस चरते, पोरगं म्हैस चारतं. पाणी गळतं, आपण चहा गाळतो. कडबा जळतो, कुणी कडबा जाळतो. असल्या जोड्या तू दिवसातून शंभर वेळा बिनचूक वापरतेस. 'मी चहा गळला' असं म्हणणारं दोन वर्षांचं लेकरूसुद्धा मी पाहिलं नाही.

'लाय' हे पडणे, गळणे, चरणे यांच्या घरातलं. 'ले' हे पाडणे, गाळणे, चारणे यांच्या घरातलं. 'लाय' म्हणजे आडवं पडणं, पडून असणं. 'ले' म्हणजे आडवं पाडणं नव्हे, नाहीतर पेशंटला पाडशील! आडवं करणं, निजवणं, ठेवणं, अंथरणं.

अजून खात्री पाहिजे असली तर 'नं' लावून बघ. वाक्य मराठीत मनात म्हण, झालेल्या काळातलं. 'बाबा आडवे पडले.' बाबांना 'नं' लागत नाही, म्हणून 'लाय'. 'सिस्टरनं बाबांना कुशीवर निजवलं.' सिस्टरला 'नं' लागला, म्हणून 'ले'. फक्त 'मी' घालून बघू नको, 'मी'ला 'नं' दिसत नाही आणि घोटाळा होतो. स्वतःच्या जागी 'सिस्टर' घाल. (कुणी शहाणा म्हणेल, 'ती इंग्रजी शिकली' यात कर्म आहे तरी 'नं' नाही. बरोबर आहे. शिकणे, पिणे, म्हणणे अशी चार-दोन उनाड क्रियापदं आहेत. पडणं-निजवणं त्यांच्यात नाही, तू निर्धास्त राहा.)

आता तक्ता. एवढा एकदाच. पडून असणं: आज 'लाय', काल 'ले', आणि 'हॅज'च्या मागं 'लेन'. ठेवणं: आज 'ले', काल 'लेड', 'हॅज'च्या मागं पण 'लेड'. खोटं बोलणं: आज 'लाय', काल 'लाइड', मागंही 'लाइड'. म्हणजे तुझा पेशंट 'लाइड ऑल नाइट' हे वाचून सिस्टरना जे वाटलं ते व्याकरणाला धरूनच वाटलं.

खोड कुठं आहे ते दिसलं का? पडून असण्याचा काल 'ले', आणि ठेवण्याचा आज पण 'ले'. स्पेलिंग एक, उच्चार एक. एका गावात एकाच नावाची दोन माणसं असली आणि पोस्टमननं पत्र चुकवलं तर दोष पोस्टमनचा किती धरायचा? सगळा घोटाळा ह्या एका ठिकाणी आहे. बाकी सगळं सरळ आहे.

माझं स्वतःचं ऐक. 1984 साल, मी नवीन. शाळा तपासणीला साहेब आले आणि मागच्या बाकावर पोरांत जाऊन बसले. मी ऐटीत फळ्यावर लिहिलं, 'द काऊ लेड अंडर द ट्री'. गाय झाडाखाली बसली, असं मला म्हणायचं होतं. साहेबांनी पोरासारखा हात वर केला. म्हणाले, "मास्तर, गाईनं झाडाखाली काय घातलं? अंडं?" पोरांना इंग्रजी कळलं नव्हतं, पण अंडं कळलं. पुढं दोन वर्षं त्या गावात मला 'अंड्याचे मास्तर' म्हणायचे. पाहिजे होतं 'द काऊ ले अंडर द ट्री'. त्या दिवसापासून 'लेड' लिहिताना माझा हात आपोआप थांबतो, कोणी, काय ठेवलं ते बघतो, मग पुढं जातो.

वडलांना सांगितलं तर ते हसले नाहीत. ते निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. 1948 च्या आधी इकडं सरकारी शाळांत बहुतेक शिकवणं उर्दूतूनच. इंग्रजीसुद्धा त्यांना मौलवीसाहेबांनी उर्दूतून शिकवलेलं. म्हणाले, "आम्हाला पहिल्याच दिवशी विचारायचे, फेल लाजिम आहे का मुतअद्दी?" फेल म्हणजे क्रियापद. लाजिम म्हणजे आपल्यापुरतं राहणारं, मुतअद्दी म्हणजे उंबरा ओलांडून दुसऱ्यापर्यंत जाणारं. आपण ज्याला अकर्मक-सकर्मक म्हणतो तेच. पण 'उंबरा ओलांडणारं' हे मला जेवढं भिडलं तेवढं 'सकर्मक' कधी भिडलं नाही. 'लाय' घरातच पडून राहतं. 'ले' उंबरा ओलांडून कुणाला तरी हात लावतं.

एक गंमत सांगून थांबतो. एकापासून दुसरं बनवायची ही रीत इंग्रजीत फार जुनी आहे. आता तिच्या थोड्याच जोड्या उरल्यात. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. फॉल म्हणजे पडणं आणि झाड तोडून पाडायचं तर 'फेल'. नापास व्हायचं ते 'फेल' वेगळं, हे कुऱ्हाडीचं. राइज उठणं, रेज उठवणं, यातलं 'रेज' उत्तरेकडच्या नॉर्स लोकांकडून आलं, पण घडण तीच. आणि आपलं पडणं-पाडणं कुठून आलं? संस्कृतातल्या 'पतति' आणि 'पातयति' मधून. भाषेचा इतिहास शोधणारे सांगतात की संस्कृतातलं हे 'अय' आणि इंग्रजीची ती जुनी रीत एकाच मुळातून फुटली. म्हणजे 'लाय' आणि 'ले' चुलत्याच्या घरचे निघाले, आपण उगीच परक्यासारखं दारात उभे.

कोंबडीवाला (वसमत)

मास्तर, गाईचा किस्सा वाचून शेडमध्ये एकटाच हसायलो. कामगार बघायला लागले.

पण एक शंका. माझ्याकडं दोन हजार लेअर आहेत. लेअर म्हणजे अंड्याची कोंबडी, ब्रॉयलर म्हणजे मटणाची, एवढं इंग्रजी आम्हाला धंद्यानं शिकवलं. पिल्लं 18 ते 20 आठवड्यांची झाली की अंडी सुरू होतात. त्या दिवसांत डॉक्टर व्हॉट्सॲपवर विचारतात, 'आर दे लेइंग वेल?' आता तुम्ही म्हणता 'ले'ला कुणाला तरी हात लावावा लागतो. इथं अंड्याचं नावच नाही. मग डॉक्टर चुकले, का कोंबड्या नुसत्याच आडव्या पडल्यात?

जुना मास्तर (सेलू)

डॉक्टर बरोबर आहेत. कर्म कोंबडीच्या पोटात आहे, वाक्याच्या पण पोटात आहे. कोंबडीच्या बाबतीत 'ले' म्हटलं की अंडंच, दुसरं काही ती घालत नाही, म्हणून बोलायची गरज पडत नाही. आपण नाही का म्हणत, 'म्हैस देती का हो चांगली?' काय देते ते कुणी विचारतं का? म्हणूनच तर माझ्या गाईनं साहेबांच्या डोळ्यापुढं अंडं घातलं. जनावर आणि मोकळं 'लेड', इंग्रजी माणसाचं मन थेट अंड्यावर जातं.

आणि तुमची कोंबडी खरंच आडवी पडली असली तर 'शी इज लाइंग डाउन'. मग मात्र डॉक्टरला फोन करा, मेसेज नको.

कोंबडीवाला (वसमत)

हाव, तो फोन मागच्या उन्हाळ्यात केलाय. त्याचं दुःख वेगळं. घरची गावरान खुडूक होऊन बसली की तिला काय म्हणायचं ते विचारणार होतो, पण ते बसणंच आहे, 'सिट'. कळलं.

बीडकर_हिंजवडीत

मास्तरांचं सगळं मान्य, पण मी अमेरिकेच्या प्रोसेसला आहे, रात्रपाळी. रोज चाळीस कॉल. तिकडचे गोरे स्वतःच म्हणतात, 'सॉरी, आय वॉज लेइंग डाउन'. कुत्र्याला पण 'ले डाउन' म्हणतात. एकदा टीम लीडला विचारलं तर म्हणाला, चालतं. मग इकडं त्या पोरीच्या रिपोर्टला लाल गोल कशाला? सिस्टर जास्तच शहाण्या दिसतात.

जुना मास्तर (सेलू)

त्यांचं ऐकलेलं बरोबर आहे. हे आजचं नाही, इंग्रजी बोलणारे कित्येक शतकं असं बोलत आलेत आणि शिकवणारे कित्येक वर्षं त्यांच्या कानाला पकडत आलेत. त्यांचाही पाय त्याच दगडाला लागतो, पडण्याचा 'काल' आणि ठेवण्याचा 'आज' एकच असल्यामुळं.

पण ते घरचे लोक आहेत. आपण घरात 'मी आलो व्हतो' म्हणतो आणि तहसीलच्या अर्जात 'आलो होतो' लिहितो. पोरीचा रिपोर्ट हा अर्जाच्या जातीतला कागद आहे. उद्या कोर्टात जाऊ शकतो.

आणि सिस्टरला शहाण्या म्हणू नका. लाल गोल करायला पण रिपोर्ट वाचावा लागतो. न वाचता सही ठोकणारे मी फार पाहिलेत.

बेटा, तू तिसऱ्यांदा काय लिहिलं होतंस ते सांगायचं असेल तर सांग. अंड्याचे मास्तर म्हणवून घेतलेल्या माणसापुढं लाज कसली?

फरशीवाला (जालना)

मधेच बोलतो, माफ करा. मी फरशी बसवायचं काम घेतो. कोटेशनमध्ये आर्किटेक्ट लिहितात 'टाइल लेइंग', स्क्वेअर फुटाचा रेट. आज पहिल्यांदा कळलं की ते 'लेइंग' म्हणजे आम्हीच आहोत. फरशी स्वतः कशाला पडतीय, पडली तर फुटतीय.

जुना मास्तर (सेलू)

वा, मिस्त्री! शंभर टक्के. एवढंच काय, प्लॉटवाल्यांचा 'लेआउट' पण ह्याच 'ले'चा, कुणीतरी जमिनीवर आखून मांडलेला. आणि गावोगावच्या कोनशिला बघा. 'फाउंडेशन स्टोन लेड बाय', पुढं साहेबांचं नाव, दगडापेक्षा मोठ्या अक्षरांत. 'लेड'च्या मागं हात असतो, आणि तो हात आपलं नाव लावल्याशिवाय राहत नाही.

नाइट_ड्यूटी (लातूर)

सर, तुमचं कोनशिलेचं वाचलं आणि अंगावर काटा आला. आता सांगते.

बेड नंबर 14 वर एक बाबा होते, सत्तरीच्या पुढचे. पहाटे साडेतीनला मी पलीकडच्या बेडचं सलाइन बदलायले, तेवढ्यात बाबा कुणाला न सांगता लघवीला उठले आणि पाय घसरून खाली बसले, मग तिथंच आडवे झाले. मी पळत गेले. वॉर्डबॉय मामांना हाक मारली, डॉक्टरांना बोलावलं, तपासणी झाली, काही लागलं नव्हतं. वर घेतलं. सगळं नीट केलं, आणि मग रिपोर्टमध्ये लिहिलं, '3.30 ए.एम., पेशंट वॉज लेड ऑन फ्लोअर. डॉक्टर इन्फॉर्म्ड.'

मला म्हणायचं होतं, पेशंट जमिनीवर पडलेले होते. 'पडलेले होते' म्हणून 'वॉज', आणि 'लेड' मला 'पडलेले' वाटलं.

सकाळी त्यांचा मुलगा हैदराबादहून आला. फाइल चाळली, ती ओळ वाचली आणि काउंटरला येऊन विचारलं, "माझ्या बापाला जमिनीवर कुणी निजवलं?" त्या आठवड्यात वॉर्ड फुल्ल होता, दोन पेशंट खरोखर खाली गादीवर होते. त्यामुळं त्यांना वाटलं की रात्री बाबांची खाट काढून दुसऱ्याला दिली. मी आपली सांगायले, नाही हो, ते स्वतः पडले. ते म्हणाले, मग तुम्हीच लिहिलंय ना. मॅट्रन आल्या. बाबांनीच शेवटी सांगितलं, "ती पोरगी नव्हती तर मी सकाळपर्यंत तिथंच असतो." तेव्हा मिटलं. पण मॅट्रनसमोर उभी राहून मला कळतच नव्हतं की एवढं झालं कशामुळं. सिस्टर नुसत्या "नीट लिहीत जा" म्हणाल्या. मला वाटलं माझ्यावर राग आहे.

आता कळायलंय. माझ्या वाक्यात कुणीतरी हात लावणारं होतं, आणि ड्यूटीवर मी एकटीच होते.

पाहिजे होतं 'पेशंट फाउंड लाइंग ऑन फ्लोअर', बरोबर ना सर?

तयारी_चालू (नांदेड)

ताई, माझा नियम परत घेतो. क्लासला पण सांगतो.

जुना मास्तर (सेलू)

अगदी बरोबर. 'फाउंड लाइंग'. आम्हाला सापडले, ते पडलेले होते, कसे पडले ते पुढच्या ओळीत. त्या पोराचं पण काही चुकलं नाही, त्यानं इंग्रजी नीट वाचलं.

तुझ्या कामाचं एक राहिलं, 'लेन'. हे मेलं कुणी बोलण्यात वापरत नाही, पण तुला लागेल. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला तुम्ही दर दोन तासांनी कूस बदलता ना, पाठीला जखम होऊ नये म्हणून? समज मागच्या पाळीत कुणी बदललीच नाही. तू लिहिणार, 'पेशंट हॅज लेन ऑन बॅक सिन्स 4 पी.एम.' चार वाजल्यापासून पाठीवरच पडून आहे. इथं 'लेड' लिहिलंस तर परत कोनशिला.

नाइट_ड्यूटी (लातूर)

समजलं सर. अजून एक, मग जाते, आठला ओव्हर घ्यायचाय. बेडची डोक्याकडची बाजू वर करतो तेव्हा सगळ्या मुली 'हेड एंड रेज्ड' लिहितात. ते बरोबर आहे ना? का 'राइज'चा काल, 'रोज'?

जुना मास्तर (सेलू)

तूच सांग. बेड स्वतः उठला का कुणी उचलला?

नाइट_ड्यूटी (लातूर)

मी हँडल फिरवते. म्हणजे 'रेज्ड'. आणि ताप चढला तर तो स्वतः चढतो, 'टेम्परेचर रोज'.

आज 14 वर दुसरे आजोबा आहेत, अर्धांगवायूचे. रात्रीची पहिली ओळ आत्ताच तयार करून ठेवली. बघा: 'पोझिशन चेंज्ड. पेशंट लेड ऑन लेफ्ट साइड बाय मी अँड मावशी.'

जुना मास्तर (सेलू)

बिनचूक. फक्त मावशीच्या जागी 'अटेंडंट' लिही, नाहीतर मॅट्रन परत लाल पेन काढतील.